अपडेटनं लॅपटॉप बसला. दोन वर्षं मोजायची कधीपासून?

सांगलीहून एका डीटीपीवाल्यांचं पत्र आहे. मार्च 2023 मध्ये आपोआप आलेल्या अपडेटनंतर लॅपटॉप निळ्या स्क्रीनपुढे जाईना. तो वॉरंटीत होता. कंपनीनं मेलवर मेल पाठवून झुलवलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये 'दोष आमचा नाही' म्हणत तक्रार बंद केली. मेल चालू होते तोवर मुदत थांबली होती, असं ते धरून आहेत. आता विचारतात, वकिलाची नोटीस पाठवू का? अशी पत्रं बरीच येतात, आणि सगळी उशिरा.

नोटीस राहू द्या. ग्राहक आयोगात जायला ती सक्तीची नाही आणि तिनं मुदतही वाढत नाही. सगळं अडलंय ते ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 वर. तक्रार दाखल करायची मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. कंपनीचा वकील मार्च 2023 पासून मोजेल, म्हणजे मुदत मार्च 2025 लाच संपली. मेल चालू होते म्हणून घड्याळ थांबलं, हा तुमचा समज चुकीचा आहे. नुसत्या पत्रव्यवहारानं ते थांबत नाही. आपण म्हणायचं ते एवढंच, की वॉरंटीतली दुरुस्ती कंपनीनं स्पष्ट नाकारली ऑगस्ट 2024 मध्ये, म्हणून कारण तेव्हा घडलं. आयोग हे मानेलच, असं सांगत नाही. म्हणून ऑगस्ट 2026 उजाडायच्या आत तक्रार दाखल करा आणि सोबत विलंबमाफीचा अर्जही जोडा. त्यात मेलांच्या तारखा द्या. 'सीझन होता, वेळ मिळाला नाही' हे पुरेसं कारण ठरत नाही.

आणि लॅपटॉप फॉरमॅट करून घेतलात, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत सहज लिहिता! दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आता पाठवणार काय? उरले मोबाइलमधले निळ्या स्क्रीनचे फोटो. त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं प्रमाणपत्र, म्हणजे फोटो कोणत्या उपकरणातून कसे घेतले ते लिहून दिलेला कागद, लागेल. निदान तो मोबाइल तरी विकू नका.

धंद्यासाठी घेतलेला लॅपटॉप असला तरी स्वतः चालवून त्यावर पोट भरत असाल तर बहुधा तुम्ही ग्राहकच. हाताखाली माणसं असतील तर वाद होईल. सॉफ्टवेअरच्या लायसन्समधल्या 'जबाबदारी किमतीपुरतीच' या अटीला अन्यायकारक करार म्हणून आव्हान द्यायचं तर राज्य आयोगात जावं लागेल. त्या फंदात पडू नका. जिल्हा आयोगात किंमत आणि दुरुस्तीचा खर्च मागा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. बुडालेल्या ऑर्डरींचे पैसे मागून बघा, मिळतीलच असं धरू नका.

कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो. तेवढ्यात समोरच्याचं वकीलपत्र दाखल झालं तरी नशीब समजा. तेव्हा कंपनीचा तो शेवटचा मेल तारखेसकट आजच छापून घ्या.