कासहून येताना रस्त्याकडेला दिसलेलं केशरी फूल सोनकी आहे का? घरी कुंडीत लावता येईल का?

नाही हो, सोनकी नाहीये ती. झाड कमरेएवढं, फूल गडद केशरी, पाकळ्या आठ आणि पान झेंडूसारखं चिरलेलं असं तुम्ही लिहिलंय ना, मग तो कॉसमॉस आहे, त्यातला पिवळा-केशरी, शास्त्रीय नाव कॉसमॉस सल्फ्युरियस. मूळचा मेक्सिकोकडचा, शोभेसाठी म्हणून बागांमध्ये आला आणि मग कुंपणाबाहेर पडला तो पडलाच, आता पुण्याच्या टेकड्यांवर बघा, पावसाळा सरता सरता केशरी पट्टेच्या पट्टे दिसतात आणि लोक सोनकी सोनकी म्हणत त्याच्यासमोर फोटो काढत असतात.

सोनकी केशरी नसतेच, ती लख्ख पिवळी. फूल लहान, झाड फार तर गुडघ्याएवढं आणि पान अखंड, फक्त कडा दातेरी. गोंधळ होतो कारण दोघीही सूर्यफुलाच्या कुळातल्या आणि फुलतातही साधारण एकाच सुमारास. तरी शंका वाटली तर सुकलेलं फूल हातात घेऊन बी बघा. कॉसमॉसची बी काळपट, सुईसारखी लांब आणि टोकाला दोन-तीन काटे, त्या काट्यांना परत उलटे दाते, म्हणून तर गवतातून चालून आलं की ती पँटला चिकटलेली सापडते. सोनकीच्या बीला पांढरे मऊ केस असतात, ती वाऱ्यावर उडते. एवढं बघितलंत की पाकळ्या मोजायचीही गरज नाही.

आता लावायचं म्हणाल तर कॉसमॉससारखं सोपं झाड नाही. सुकलेल्या फुलाच्या मधल्या भागातली बी घ्या (आपण ज्याला पाकळ्या म्हणतो ती कडेची वांझ फुलं असतात, त्यांना बी धरत नाही, बी धरते ती मधल्या बारीक बारीक फुलांना). दहा-बारा इंची कुंडी, खाली भोक हवंच, साधी माती आणि मूठभर कंपोस्ट, बस. बी अर्धा सेंटीमीटर खोल टाकायची, आठवड्याभरात उगवते, मग एका कुंडीत एक-दोनच रोपं ठेवून बाकीची काढून टाका, जीव अडकवू नका. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात, नाहीतर एकच दांडा उंच जातो आणि वाऱ्याने आडवा होतो. पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलं. जून-जुलैत लावा नाहीतर पाऊस संपल्यावर, कडक थंडी नसेल तिथे दोन्ही चालतं.

लोक चुकतात ते खतात. शेणखत, युरिया, किचनचं पाणी, जे हाताला लागेल ते घालतात आणि मग विचारतात फुलं का नाहीत. जास्त नत्र मिळालं की हे झाड नुसती पानं काढत बसतं, थोडं उपाशीच ठेवा. पाणी माती वरून सुकली की. कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतो, पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने जातो, नाही गेला तर निंबोळी तेल.

एक गोष्ट मात्र पाळा. सुकलेली फुलं बी पिकायच्या आत खुडत जा, नवीन फुलंही जास्त येतात त्याने. आणि उरलेली बी "निसर्गाला परत" म्हणून टेकडीवर किंवा घाटात उधळू नका, हल्ली ही फॅशन झालीय. तिथलं स्थानिक गवत आणि तेरडा, सोनकीसारखी फुलं याच्या दाटीत मागे पडतात. गाजरगवतही याच कुळातलं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, पुढे ते कसं पसरलं ते सगळ्यांना माहितीये.

सोनकीचं रोप पठारावरून आणायचा विचार असेल तर सोडा. जांभ्याच्या खडकावर जेमतेम माती, सतत धुकं आणि पाऊस असं तुम्ही बाल्कनीत कुठून आणणार? कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथलं काही उपटू नये ते वेगळंच.

बाल्कनी कुठल्या दिशेची आहे ते कमेंटमध्ये सांगा. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कॉसमॉसच्या नादी लागू नका, लांबडा होईल आणि फूल एखादंच देईल. ऊन आहे पण जागा कमी असेल तर नर्सरीत बुटक्या जातीचं बी मागा, ते फूटभरच वाढतं.