जमिनीत गाडलेल्या स्टीलच्या पाइपलाइनला गंजू नये म्हणून कोणतं कोटिंग करतात? नुसता रंग चालत नाही का?

नुसता रंग मातीत टिकत नाही. गॅस-तेलाच्या गाडलेल्या पाइपलाइनला आपल्याकडे बहुधा तीन थरांचं पॉलिइथिलीन कोटिंग असतं. कारखान्यात पाइप २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यावर इपॉक्सी पावडर फवारतात. ती वितळून पोलादाला घट्ट धरते. त्यावर चिकट थर आणि सर्वांत बाहेर जाड पॉलिइथिलीन, दगडमातीचा मार झेलायला.

पण खरी मेख त्याआधीच्या शॉट ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे बारीक छर्रे जोरात मारून पाइप साफ करण्यात आहे. जुना गंज, तेल, क्षार राहिले तर कितीही महाग कोटिंग फुगून सुटतं. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचते) किमान ३ अंशांनी जास्त हवं, म्हणून पावसाळ्यात साइटवर कोटिंग करताना फार जपावं लागतं.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे वेल्डिंगचे सांधे. ते साइटवरच साफ करून त्यांवर तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह बसवतात. गाडण्यापूर्वी हॉलिडे टेस्ट कराच: कोटिंगवरून उच्च व्होल्टेजचा ब्रश फिरवला की सूक्ष्म छिद्र असेल तिथे ठिणगी उडते. तरीही निसटलेल्या छिद्रांसाठी कॅथोडिक प्रोटेक्शन (पाइपला सौम्य विद्युतप्रवाह देऊन गंज रोखणं) लागतंच. गंज अशा एवढ्याशा छिद्रातच खोलवर पोखरतो.