सोडियम आयोडाइड डिटेक्टरचं कॅलिब्रेशन फक्त सिझियम-१३७ वर भागेल का? (इंदूर, एम.एस्सी.)

नाही, गॅमा किरणांच्या आलेखातल्या एकाच शिखरावर भागवू नका. विभागात जुना कोबाल्ट-६० पडून आहे म्हणता, तोच जोडीला घ्या. चॅनेल (डिटेक्टरच्या स्पंदाची उंची दाखवणारा क्रमांक) आणि ऊर्जा यांची रेषा शून्यातूनच जाते असं नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा थोडा ऑफसेट असतो आणि तो एका बिंदूवरून कळत नाही. सिझियमचं ६६२ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक), कोबाल्टची ११७३ आणि १३३२, अशी तीन शिखरं हाती आली की सरळ रेषा बसवा. कोबाल्ट जुना असल्याने बिघडत नाही: दर ५.२७ वर्षांनी तीव्रता निम्मी होते, ऊर्जा तीच राहते. मोजणी जास्त वेळ चालू ठेवा, इतकंच. बडोद्यात मी हा प्रयोग शिकवतो. मुलं हमखास अडकतात ती सिझियमच्या ४७७ केईव्हीपाशी. तिथला उतार ही कॉम्प्टन कडा, म्हणजे इलेक्ट्रॉनला आपटून किरण निसटला तर डिटेक्टरमध्ये उरणाऱ्या ऊर्जेची वरची मर्यादा; ते शिखर नव्हे. १८४ जवळचा फुगवटा बॅकस्कॅटरचा, म्हणजे आजूबाजूच्या वस्तूंवर आपटून मागे आलेल्या किरणांचा. दोन्ही वगळा. पडताळणीला पोटॅशियम क्लोराइडची भरलेली बाटली डिटेक्टरला टेकवून ठेवा. त्यात निसर्गतःच असलेल्या पोटॅशियम-४० चं शिखर १४६१ ला यायला हवं. हे सगळं एकाच बैठकीत, गेन (स्पंद किती पट मोठे करायचे ते) आणि हाय व्होल्टेजला हात न लावता करा. इंदूरच्या उन्हाळ्यात खोली तापली की शिखरं सरकतात, म्हणून शेवटी सिझियम पुन्हा बघाच. मात्र १०० केईव्हीच्या खाली या रेषेवर विसंबू नका, तिथे किरण पडल्यावर सोडियम आयोडाइडमधून निघणारा प्रकाश ऊर्जेच्या नेमक्या प्रमाणात राहत नाही.