कारच्या एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर कुठे बसवायचा?

भाऊ, हवा-इंधनाच्या मिश्रणाचं प्रमाण मोजणारा हा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) आधी, आणि टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर. टर्बो नसेल तर सगळ्या सिलिंडरचे पाइप एक होतात त्याच्या पुढे. टर्बोआधीची उष्णता नि दाब रीडिंग बिघडवतात.

जागेइतकाच कोनही सांभाळा. सेन्सरचं टोक खाली, आणि वायरकडचा भाग आडव्या रेषेपासून किमान 10 अंश वर. आपल्या विदर्भात डिसेंबरातल्या सकाळी सायलेन्सरमधून पाणी टपकतं ना, तेच आडव्या सेन्सरच्या तापलेल्या सिरॅमिकवर आलं की ते तडकतं. महागाची वस्तू आहे हो!

गावातला वेल्डिंगवाला एम18 बाय 1.5 आट्यांचं नट लावून देईल. वेल्डिंग होईपर्यंत सेन्सर दूर ठेवा. सेन्सरच्या आधी पाइप कुठे गळत असेल तर मिश्रण खोटंच लीन (इंधन कमी, हवा जास्त) दिसेल. आणि वायर न जोडता सेन्सर नुसता लावून गाडी फिरवू नका, काजळीनं खराब होतो.