गाडी चालता चालता मध्येच अर्धा सेकंद मरते आणि परत उचलते, स्कॅनरला काहीच दिसत नाही, काय असेल?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल गाडी आहे, ९० हजार किमी झालेत, गचका कधी बसतो तर कधी चार-चार दिवस नाही, प्लग आणि फिल्टर बदलून झाले आणि आता मेकॅनिक म्हणतोय पेट्रोल पंप टाकून बघू. नका टाकू. निदान आत्ता तरी.

पंपाची किंवा फिल्टरची भानगड असली की गाडी बहुतेक वेळा हळूहळू दम सोडते, चढावर ओढत नाही, ओव्हरटेक करताना पिकअप मिळत नाही. पण कोणीतरी चावी बंद करून लगेच चालू केल्यासारखा झटका असेल, तर पहिला संशय वायरिंगवर घ्यायचा, कुठंतरी लूज कनेक्शन.

पहिली टेस्ट फुकटातली आहे. शेजारी कुणाला तरी बसवा आणि मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा, तुम्ही रस्त्याकडेच बघा. गाडी गिअरमध्ये असते आणि क्लच सोडलेला असतो तेव्हा इंजिनमध्ये स्पार्क नसला तरी चाकंच त्याला फिरवत राहतात, म्हणजे आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडायचं काही कारणच नाही. तरी पडला, तर इंजिन थांबलेलं नाही, इंजिन फिरतंय ही बातमीच इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत, म्हणजे ईसीएमपर्यंत, पोचत नाहीये. मग क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा), त्याचा कपलर (वायर जोडायचा सॉकेट), नाहीतर ईसीएमचा करंट किंवा अर्थिंग. काटा नीट आणि फक्त गचका, तर कॉइल (स्पार्क देणारी) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) यांचे कपलर बघा. आणि घड्याळ रिसेट होत असेल किंवा गाण्यांचा टेप बंद होऊन परत चालू होत असेल तर सरळ बॅटरीच्या टर्मिनलपासून सुरुवात.

स्कॅनरवर फॉल्टचा कोड नाही म्हणजे वायरिंग ओके, हे डोक्यातून काढा. फॉल्ट ठरावीक वेळ टिकला किंवा परत परत आला तरच बऱ्याचदा मीटरमधला चेक इंजिनचा दिवा लागतो, अर्ध्या सेकंदाचा झटका त्यातून सहज निसटतो. स्कॅनरवाल्याला पेंडिंग कोड (नोंद झालेला पण अजून दिवा न लावलेला फॉल्ट) पण बघायला सांगा. तिथं पी०३३५ दिसला तर क्रँक सेन्सरचं सर्किट.

आता माझं सांगतो. माझी जुनी हॅचबॅक, क्लच प्लेट बदलून घेतली आणि साधारण महिन्याभरानं हे सुरू झालं. खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की गचका, गावात स्पीडब्रेकरवर गचका, हायवेला मात्र एकदम लोण्यासारखी. दोन गॅरेज झाली, थ्रॉटल बॉडी साफ केली, एक कॉइल नवी टाकली, पैसे गेले आणि गचका तिथंच. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने बॉनेट उघडलं, काहीही न काढता मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर आणि लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर धरली, आणि मला म्हणाला हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावा. तिथं ०.१ व्होल्टच्या आत दिसायला पाहिजे, माझ्याकडे ०.४ होते, आणि इंजिन हाताने जरा हलवलं की आकडा १ च्या वर उडायचा. गिअरबॉक्स उतरवताना अर्थिंगची पट्टी काढली होती, ती परत लावताना बोल्ट नुसता हाताने फिरवून सोडलेला! इंजिन माउंटिंगवर हललं की अर्थिंग तुटायची, म्हणून घाटात आणि स्पीडब्रेकरवरच त्रास. पट्टीखालचा गंज सॅंडपेपरने घासला, बोल्ट आवळला, १० मिनिटांत काम संपलं. पैसे घ्यायला पण तयार नव्हता, चहा घेतला फक्त.

म्हणून स्वतःलाच विचारा, हे सुरू व्हायच्या आधी गाडीत कुठलं काम झालं होतं? क्लच, सीएनजी किट, रिमोट लॉक, नवा टेप, काहीही. सीएनजी किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून जोडतात, आणि चोरीच्या अलार्मवाले इंजिन बंद करायचा रिले घालायला इग्निशनची किंवा पंपाची वायर कापतात. जोड कसा, तर वायरी पिळून वर काळी टेप. दोन उन्हाळे गेले की टेपचा चिकट चिखल होतो आणि जोड आत खुळखुळतो.

तसं काही नसेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून चालू ठेवा आणि एकेक कपलर, एकेक वायरीचा जुडगा हळू हलवत जा, जिथं इंजिन अडखळेल तिथं थांबा. फॅन आणि बेल्टपासून हात, बाही, ओढणी लांब, आणि कॉइलच्या जवळ वायर फाटकी दिसली तर चालू इंजिनवर हात लावूच नका. कपलरचं लॉक तुटलेलं असतं, ‘क्लिक’ आवाजच येत नाही. कधी बाहेरून ठणठणीत, पण आतली पिन फाकलेली असते, कारण आधी कुणीतरी त्यात टेस्ट लॅम्पची जाड सुई खुपसलेली असते. पिनांवर काळी पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पार्किंगला उंदीर असतील तर खालच्या बाजूच्या वायरी टॉर्च लावून बघा, कुरतडलेली वायर वरून दिसत नाही.

बॅटरीचं टर्मिनल हाताने फिरत असेल तर १० नंबरचा पाना घ्या आणि आवळा, पांढरी-हिरवी पूड असेल तर आधी कोमट पाणी आणि खायचा सोडा. हे सगळं इंजिन बंद करून. चालू गाडीत टर्मिनल काढून अल्टरनेटर बघायची जुनी पद्धत अजून काही जण करतात, त्यात व्होल्टेज उसळून ईसीएम उडू शकतो, कुणी तसं करायला लागलं तर हात धरा त्याचा.

व्हिडिओत काटा पडतो की नाही ते खाली लिहा, आणि गाडीला बाहेरून काय काय बसवलंय ते पण, मग पुढचं सांगतो.