वडील ७३ वर्षांचे, पेन्शनर, पांढरं रेशनकार्ड. कोल्हापुरात आयुष्मान कार्ड मिळेल का?

हो, मिळेल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं; उत्पन्न किंवा रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, फक्त आधारवरचं वय बघतात. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, पण घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर रक्कम दोघांत मिळून. आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या नोंदणी होते. आधारला जोडलेला मोबाइल आधी सुरू आहे ना बघा, ओटीपी त्यावरच येतो (म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशीन पटकन घेत नाही). खासगी विमा असला तरी चालतं. केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना (सीजीएचएस) असेल तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. आणि हे ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, ओपीडीची फी यात नाही. ॲडमिट करण्याआधी हॉस्पिटल यादीत आहे का, ते १४५५५ वर विचारा.