गावाजवळच्या टेकडीवरची झाडी २० वर्षांत किती गेली आणि किती परत आली, हे उपग्रहाच्या फुकट डेटावरून घरबसल्या काढता येतं का? (राहणार इंदूर जिल्हा)

येतं. पण दोन वर्षांचे तयार भूआवरण नकाशे (कुठे झाडी, कुठे शेत, कुठे वस्ती ते दाखवणारे) उतरवून घ्यायचे, एकातून दुसरा वजा करायचा आणि उरेल तो लाल-हिरवा पसारा 'बदल' म्हणून मिरवायचा, असा बेत असेल तर नाही. असलेच उद्योग मी केले आहेत, आणि त्यापायी माझ्या सख्ख्या काकांनी पाच महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

काका राजेंद्रनगरात राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी सिमरोल ओलांडून चोरलच्या वाटेवरच्या एका उतारावर चर खणले, रोपं लावली, गुराख्यांची मनधरणी करून गुरं दुसरीकडे वळवली. तो उतार म्हणजे त्यांचा पाचवा नातू. २०२२ च्या गणपतीत सगळे जमलेले असताना मला हुक्की आली आणि मी लॅपटॉप उघडला. फेब्रुवारी २०२१ आणि फेब्रुवारी २०२२, दोन्ही चित्रं युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची, दोन्ही निरभ्र, महिनाही तोच. मोसमाची गल्लत होऊ नये एवढी अक्कल मला होती. दोन्हींतल्या हिरवाईची वजाबाकी केली, तर काकांचा उतार लालभडक.

"हे लाल काय गं?"

"तिथली हिरवाई उतरलीय, काका."

त्यांनी मोदकाची वाटी खाली ठेवली. "मागच्या रविवारी वर जाऊन आलोय मी. एक झाड गेलेलं नाही." मी सगळ्यांदेखत म्हणाले, की आकडे तर हेच सांगताहेत. "माझ्या टकलावरून उद्या माझं वय काढशील," म्हणाले आणि आरतीला उठून गेले. त्यानंतर अबोला.

जानेवारीत दुसऱ्याच कामासाठी तो नकाशा उघडला आणि नजर रालामंडलवर गेली. तेही लाल! अभयारण्य एका वर्षात असं ओसाड पडलं असतं तर अख्ख्या इंदुरात बोंब झाली नसती का? तेव्हा कुठे मी कच्चे आकडे बघितले, जे खरं तर गणपतीच्या आधी बघायला हवे होते.

झालं होतं असं. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची आवृत्ती बदलली आणि प्रत्येक रंगपट्ट्याच्या (बँडच्या) आकड्यात १००० मिळवायला सुरुवात केली. काळोख्या जागचे आकडे शून्याखाली जाऊन कापले जाऊ नयेत, हा हेतू. आता काकांच्या उतारावरचा एक पिक्सेल घ्या. अवरक्त २८००, लाल ७००. वजाबाकी २१००, बेरीज ३५००, एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक, वजाबाकी भागिले बेरीज) ०.६०. दोन्हीत हजार मिळवा: वजाबाकी तीच २१००, बेरीज मात्र ५५००, एनडीव्हीआय ०.३८. एक पान न गळता झाडी उतरली. गुगलच्या अर्थ इंजिनवर काम करत असाल तर 'हार्मनाइज्ड' नावाचा संच घ्या. फायली उतरवून घेत असाल आणि नावात एन०४०० किंवा त्यापुढचा आकडा दिसला, तर आधी १००० वजा करा, मग पुढचं.

आता तुमची २० वर्षं. सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासूनची, त्यामुळे तो विषय संपला. अमेरिकेचं लँडसॅटच घ्यावं लागेल, ३० मीटरचा पिक्सेल, म्हणजे हेक्टरी अकराच ठिपके. टेकडी लहान असेल तर कडेचे ठिपके अर्धे शेत, अर्धी झाडी असणार, ते सरळ सोडून द्या. लँडसॅट-७ च्या चित्रांत मे २००३ पासून रिकामे पट्टे पडतात, म्हणून २०११ पर्यंत लँडसॅट-५ वापरा आणि २०१३ पासून लँडसॅट-८. मधलं २०१२ जरा रिकामंच जाईल.

तयार नकाशांबद्दल माझं मत वाईट आहे. प्रत्येक नकाशा ८५ टक्के बरोबर धरला आणि चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या, तर दोन्ही नकाशे एकाच जागी बरोबर असण्याची शक्यता ७२ टक्के. तुमच्या टेकडीवरचा बदल उरलेल्या २८ टक्क्यांपेक्षा मोठा आहे का? युरोपीय अवकाश संस्थेच्या वर्ल्डकव्हरचे २०२० आणि २०२१ हे दोन तयार नकाशे तर वेगवेगळ्या आवृत्तीच्या पद्धतीने केलेले आहेत, त्यांच्या फरकात पद्धतीचा फरकही येतो. लोक तरीही वजाबाकी करून मोकळे होतात. मेरीलँड विद्यापीठाच्या हॅन्सन यांच्या जागतिक वननकाशात झाडी गेल्याचं वर्ष मिळतं, पण परत आल्याचा थर फक्त २०००-२०१२ चा एकगठ्ठा. म्हणजे तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथे मिळायचा नाही. त्यासाठी दरवर्षीचं एक चित्र ओळीने लावून प्रत्येक ठिपक्याच्या एनडीव्हीआयची रेघ बघा: एकदम कोसळली आणि हळूहळू चढली, की समजा तोड झाली आणि मग फुटवा आला. चित्र डिसेंबर-जानेवारीचं घ्या. ऑक्टोबरात गवतही हिरवंगार असतं, एप्रिलात सागाचे खराटे झालेले असतात, आणि पावसाळ्यात ढगांशिवाय काही मिळत नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं. मात्र खालच्या शेतांत गहू डोलत असतो, तो आधी वगळा.

एवढं सगळं करूनही हिरवं म्हणजे झाडच, असं नाही, आणि इथेच काकांचं आणि माझं अजून जमत नाही. चूक कळल्यावर मी फोन केला, माफी मागितली, आणि फेब्रुवारीत आम्ही दोघं तो उतार चढलो. मोबाइलवर ४० बिंदू नोंदले. खालच्या अर्ध्यात त्यांची रोपं ओळीने उभी, जुन्या सागाच्या बुंध्यांना धुमारे फुटून माझ्या डोक्यावर गेलेले. तिथे मी हरले. वरच्या पट्ट्यात मात्र घाणेरीच्या (लँटानाच्या) झुडपांची जाळी, इतकी दाट की काकांचा सदरा अडकून फाटला. उपग्रहाला ती जाळी झाडोरा म्हणूनच दिसते. काकाही तिला 'परत आलेलं जंगल' म्हणतात. त्यात ते एकटे नाहीत म्हणा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येतही १ हेक्टर किंवा जास्त जागेवर १० टक्के किंवा जास्त वृक्षछत्र असलं की ते वनावरण, मग ती कोणाची आमराई का असेना. पण निदान आमराईत झाडं तरी असतात!

हे सगळं सागाच्या उताराबद्दल. तुमच्या टेकडीवर बाभूळ किंवा पळस असेल तर महिना बदलावा लागेल, आणि एखादं वर्ष कमी पावसाचं असेल तर रेघ उगाच खाली येईल. मी वनशास्त्र शिकलेली नाही, हेही सांगून ठेवते. नकाशा कोणाला दाखवण्याआधी किमान ३०-४० ठिकाणी पायी जाऊन या, आणि दाखवणार असाल तर सणाच्या दिवशी नको.

काका हे वाचत असतीलच. वरच्या पट्ट्यातले ते सतरा बिंदू घाणेरीचेच आहेत, फोटो माझ्याकडे आहेत. सदराही.